दिवसाला पाव फेरा

त्या दुकानात एक नियम होता, आणि तो डॉक्टरांनी स्वतः घालून दिलेला होता. दिवसाला पाव फेरा, आणि मधे बघायचं नाही.

डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत. टायरच्या दुकानाच्या डोक्यावर, बावीस पायऱ्या चढून गेलं की एक लांबट खोली लागायची. तिथे हा गृहस्थ गेली एकतीस वर्षं इलेक्ट्रिक बेस गिटारी दुरुस्त करत बसला होता, आणि त्याही स्वस्तातल्या. बाकीचे दुरुस्तीवाले असली गिटार दिसली की नाक मुरडायचे आणि 'हिच्यामागे लागण्यापेक्षा नवी घ्या' म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. वाटेला लागलेली ती सगळी गिऱ्हाइकं मग या बावीस पायऱ्या चढायची. स्वस्त गिटारीचं दुखणं बहुतेक वेळा मानेत, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लांब दांडीत असतं, म्हणून कुणीतरी ह्यांना 'मानेचे डॉक्टर' म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एकदा तर गळ्यात पट्टा बांधलेला एक खराखुरा रुग्ण कण्हत कण्हत वर आला होता. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "आता एवढा चढून आलोच आहे, तर बघा तरी."

नियमामागचं कारण साधं होतं. बेसच्या तारा जाडजूड असतात आणि चार तारा मिळून मानेला सतत पुढे ओढत असतात. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते आणि तिच्या टोकाला नट. नट आवळला की सळई मानेला मागे खेचते. एवढाच खेळ. चांगल्या लाकडाची मान दहा मिनिटांत काय ते सांगून टाकते. स्वस्तातली मान मात्र रुसून बसते. तिला आज आवळावं तर ती परवा हलते. ज्याला दम निघत नाही तो दुसऱ्या दिवशी आणखी आवळतो, आणि मग सगळं एकदम मागे येतं, नाहीतर सळई आतल्या आत तुटते आणि गिटार भिंतीवर टांगण्यापुरती उरते. म्हणून डॉक्टर पहिल्याच दिवशी गिटार डोळ्यासमोर आडवी धरायचे, एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवायचे आणि ठरवून टाकायचे. हिला दोन पाव, हिला तीन. मग रोज संध्याकाळी दुकान बंद करताना एक पाव फेरा, आणि गिटारीवर लावलेल्या कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीची एक रेघ. ठरलेल्या दिवशी नव्या तारा. तोवर मोजायचं नाही आणि डोकवायचंही नाही.

त्यांची धाकटी मुलगी गेले आठ महिने रोज डोकवत होती.

थोरली लग्न होऊन परगावी गेली होती. धाकटी शाळा संपल्यापासून बापाच्या शेजारच्या बाकावर बसली, ती आज तिशी उलटली तरी तिथेच. हाताची चलाख आणि तोंडाची फटकळ. गिऱ्हाइकाला ती बिनदिक्कत सांगायची की अहो, उन्हात गाडीत ठेवलीत ना गिटार, मग आता भोगा. फक्त एक गोष्ट तिला बापाला सांगता आली नव्हती.

झालं होतं असं. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी बाबा एका गिटारीला तारा चढवत होते. कापलेल्या तारेचं टोक सुईसारखं असतं, ते त्यांच्या तर्जनीत घुसलं. चांगलं खोल घुसलं. मानेच्या फिकट लाकडावर रक्ताचे ठिपके पडत गेले आणि बाबा आपले शीळ घालत खुंटी फिरवत राहिले. त्यांना पत्ताच नव्हता. साखरेचं दुखणं जुनं होतं, ते बोटांपर्यंत येऊन पोचलं होतं. धाकटीने कापड घेतलं, "बाबा, चहा आलाय, आधी घ्या बघू," म्हणाली आणि त्यांची पाठ फिरताच लाकूड पुसून काढलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने घरी जाहीर केलं की मी सकाळी साडेसहाला फिरायला जाणार. ती तडक दुकानात यायची. सातला कुलूप उघडायचं, आदल्या दिवशीचं बाबांचं काम तपासायचं, जिथे तार खुंटीवर वेडीवाकडी गुंडाळली गेली असेल तिथे सोडवून नीट गुंडाळायची, जिथे नट कमी फिरल्यासारखा वाटेल तिथे फिरवायचा, आणि आठला घरी. अंघोळ करून दहाला पुन्हा बाबांबरोबर त्याच पायऱ्या चढायच्या, जणू काही दिवसातली पहिलीच खेप. आई म्हणायची, "रोज दीड तास चालतेस आणि वजन बघावं तर जिथल्या तिथे. चालतेस की बाकावर बसून येतेस?" आईला कुठे ठाऊक होतं की तिने नेमकं बोट ठेवलंय.

धाकटीला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. आपला हात गेला हे बाबांना कळलं, तर ते त्याच दिवशी हत्यारं गुंडाळून ठेवतील. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. हत्यारं ठेवून घरात बसलेले बाबा तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

गुरुवारी दुपारी दीडला ड्रायव्हरबाई पायऱ्या चढून आल्या. शहरातली बस चालवायच्या, खांद्यावर अजून गणवेशाचे बिल्ले होते, ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या. सोमवारी त्यांनी आपली बेस आणून टाकली होती. कुणाकडून तरी जुनी घेतलेली, मान अशी पुढे वाकलेली की मधोमध तारांखाली करंगळी जावी. डॉक्टरांनी एक डोळा मिटून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "आळशी लाकूड आहे. तीन पाव. सोम, मंगळ, बुध. गुरुवारी तारा."

"गुरुवारीच साडेचारला मला बोलावलंय," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. एका चांगल्या बँडचा बेसवाला सोडून गेला होता आणि त्यांना नवा हवा होता. "त्रेचाळीस वर्षांची झाले मी. पहिल्यांदा कुणीतरी बोलावलंय. चुकवायचं नाहीये."

"चुकणार नाही," डॉक्टर म्हणाले होते.

मालक हजर असेल तर नव्या तारा त्याच्यासमोरच चढवायच्या, ही डॉक्टरांची आणखी एक रीत. त्यांनी पहिली जाड तार घेतली, पुढच्या दोन खुंट्यांपर्यंत लांबी मोजली, पकडीने आधी वाकवली आणि मग कापली. आधी कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटत जातं आणि तार मुकी होते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, तसं बाईंनाही सांगितलं. तीन वेढे, एकाखाली एक. धाकटी शेजारच्या बाकावरून बघत होती. आज वेढे छान बसले होते. तिला हायसं वाटलं.

चारही तारा सुरात आणून त्यांनी गिटार बाईंच्या हातात दिली. "पहिला सूर तुमचा."

बाईंनी तार छेडली. खर्रर्र. पत्र्यावर खडे घासावेत तसा आवाज आला. त्यांनी दुसरी छेडली, तिसरी छेडली. सगळ्या तशाच.

"असं का हो होतंय?" बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गिटार परत घेतली. खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं, तार दोन्ही टोकांना दाबून मधे कार्ड सारायला गेले. कार्ड जाईना. तारा मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांवर सपाट झोपल्या होत्या. त्यांनी मान डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. पुढे वाकलेली मान आता मधोमध पोक काढून मागे गेली होती.

 मंगळवारी सकाळी सातला धाकटीने याच गिटारीत कार्ड घालून पाहिलं होतं. फट होती तेवढीच होती. बाबांचा फेरा बसलाच नाही, असं धरून तिने एक पाव फेरा दिला. बुधवारी पुन्हा तेच. आज सकाळी पुन्हा, आणि आज नट इतका घट्ट लागला होता की आत कुठेतरी लाकूड कुरकुरलं होतं. तेव्हा तिला जराशी भीती वाटली होती. मग ती कुलूप लावून घरी अंघोळीला गेली होती.

बाबांचे तीन बरोबर बसले होते. लाकूड आळशी आहे हे त्यांनी सोमवारीच सांगितलं होतं. गाढवपणा पूर्णपणे तिचा होता.

डॉक्टर चिकटपट्टीकडे बघत होते. "रेघा तीन आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "हे तीनाचं काम नाही. पाच तरी फिरलेत. सहा." ते खुर्चीत टेकले. "म्हणजे मी एक फिरवत होतो आणि फिरत होते दोन. मला कळलंसुद्धा नाही."

"बाबा..."

"थांब." त्यांनी उजवा हात समोर धरला आणि उलटापालटा करून पाहिला. "बाई, तुमचं काम मी बिघडवलं. लपवून काय करायचं? बोटांना माझ्या हल्ली नीट लागत नाही. मला वाटलं होतं, चालून जाईल." मग धाकटीकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आजपासून मानेला मी हात लावणार नाही. तूच बघ सगळं."

आता धाकटीच्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. तिला सुटल्यासारखं वाटलं. आठ महिने जे बोलायचं तिला धाडस नव्हतं, ते बाबा आपणहून बोलले होते. तिने फक्त मान डोलवायची होती. सकाळची चोरटी खेप बंद, धास्ती बंद, आणि कुणी कुणाला दुखावलंही नाही. ती गप्प बसली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले होते.

पण डॉक्टरांचं समाधान होईना. ते उठले, बाकाच्या शिकंज्यात एक जुना नट अडकवला, त्यात नट फिरवायची सहाकोनी ॲलन चावी घातली आणि डोळे मिटून फिरवली. डोळे उघडून बघितलं. बरोब्बर पाव. पुन्हा डोळे मिटून फिरवली. पाव. तिसऱ्यांदाही पाव, तसूभर इकडेतिकडे नाही.

"अहो, हे तर बरोबर आहे," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"तेच तर." त्यांनी चावी खाली ठेवली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "फेरा मनगटाने द्यायचा असतो. मनगट ठीक आहे. मग तिथे सहा कसे झाले?" त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "म्हणजे मी दिला आणि विसरलो. पुन्हा येऊन पुन्हा दिला. रोज. तीन दिवस."

ते पुन्हा चिकटपट्टीवरच्या तीन रेघा मोजायला लागले.

"आक्काचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, धाकटीची आत्या. आधी ती भाजीत दोनदा मीठ घालायला लागली. मग दाराला कुलूप लावून पुन्हा लावायला परत यायची. शेवटची दोन वर्षं ती सख्ख्या भावाला 'तुम्ही कोण, कुणाकडे आलात' विचारायची. बाबा दर रविवारी जायचे, दर वेळी नव्याने ओळख करून द्यायचे आणि परत येताना जिन्यात थांबून डोळे पुसायचे. धाकटीने ते पाहिलं होतं.

"बाबा, मी फिरवला," ती म्हणाली.

"काय?"

"नट. मंगळवारी सकाळी, काल सकाळी आणि आज सकाळी. तुमच्या तीनावर माझे तीन. तुम्ही काही विसरला नाहीत."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. "तू सकाळी इथे कशाला येशील?"

"मी फिरायला जात नाही. इथे येते."

"मधे बघायचं नाही, हे माहीत असून?"

"हो. मला वाटलं, तुमचा फेरा बसलाच नाही."

"फक्त याच गिटारीला?"

हो म्हणायला काय लागत होतं? तीन दिवसांची चूक ही चूक असते, आणि आठ महिन्यांची काय असते ते तिलाही ठाऊक होतं.  "नाही," ती म्हणाली. "आठ महिने. सगळ्या गिटारींना."

डॉक्टर उठून उभे राहिले.  "सगळ्या!" ते ओरडले. खाली टायरवाल्याचा हातोडा थांबला, एवढ्याने ओरडले. "आणि आत्ता? मी इथे हात गेला म्हणून बसलो, तेव्हा गप्प! शिकंज्यात तीनतीनदा फिरवून बघितलं, तेव्हाही गप्प! आक्काचं नाव तोंडातून निघेपर्यंत बसून बघत राहिलीस तू!"

 आठ महिन्यांचं धाकटीला एक वेळ समजावून सांगता आलं असतं, पण त्या दहा मिनिटांचं कसं सांगणार?

"डॉक्टर," ड्रायव्हरबाई मधे पडल्या. रोज शंभर माणसांची भांडणं पाठीमागे ऐकत गाडी हाकणाऱ्या बाई त्या, त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुमचं रागावणं रास्त आहे. मी असते तर मीही रागावले असते. पण सव्वादोन झालेत आणि मला साडेतीनला निघायचंय. ही आज वाजणार आहे की नाही, एवढं सांगा. मग मी खाली जाऊन बसते, तुम्हा दोघांचं काय ते होऊन जाऊ द्या."

डॉक्टरांनी दोन मोठे श्वास घेतले. गिटार आडवी धरली, पुन्हा एक डोळा मिटून पाहिलं.

"माझे तीन बरोबर आहेत," ते म्हणाले. "ते राहतील. जास्तीचे तीन काढायचे." त्यांनी चावी धाकटीच्या पुढ्यात टाकली. "तुझे तू काढ."

तिने चावी नटात घातली आणि उलट फिरवायला गेली. नट जागचा हलेना. तिने जोर लावला आणि चावी आतल्या आत सर्रकन घसरली. स्वस्तातल्या गिटारीचा नट म्हणजे मऊ धातूचा. आतले सहा कोपरे आणखी एकदोनदा घसरून गोल झाले की चावीला पकडायला काही उरत नाही, आणि मग मान आहे त्या पोकासकट जन्मभर तशीच.

"घसरली," ती म्हणाली.

"ऐकलं मी. चावी ठोकून बसव. हळू."

तिने लाकडी हातोडीने चावीच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या. चावी कणभर आत गेली.

"आता थांब. नटावर सगळा ताण आहे, तो आधी काढू दे." डॉक्टर स्टुलावर बसले, मान गुडघ्यावर घेतली आणि दोन्ही तळव्यांनी तिला आणखी मागे दाबली. बोटांना लागत नव्हतं, पण तळहात आणि गुडघा शाबूत होते. लाकूड कुरकुरलं. ड्रायव्हरबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आता फिरव. पाव. एका दमात, झटका द्यायचा नाही."

धाकटीने फिरवलं. काहीच हललं नाही. तिच्या मनगटाची शीर फुगली. तिने दात खाऊन आणखी जोर लावला आणि कट्ट असा आवाज आला.

 सळई तुटली तरी असाच आवाज येतो आणि अडकलेला नट सुटला तरी असाच. कुठला ते फक्त हाताला कळतं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "मला इथून काही लागत नाही. तुझ्या हाताला काय लागतंय, ते सांग."

तिने चावी किंचित पुढे, किंचित मागे केली. नट जड होता, पण सरकत होता, आणि दुसऱ्या टोकाला काहीतरी धरून ठेवणारं होतं. "सुटला," ती म्हणाली. "सळई धरून आहे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

पहिला पाव निघाला. डॉक्टरांनी दहा मिनिटं थांबवलं. ती दहा मिनिटं बाई खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरून जाणाऱ्या बसचे नंबर वाचत उभ्या राहिल्या. मग दुसरा पाव, पुन्हा थांबणं, आणि तिसरा. तारा पुन्हा सुरात लावल्या. कार्ड आता कसंबसं आत गेलं.

"मान आज पूर्ण येणार नाही," डॉक्टर बाईंना म्हणाले. "ही आळशी आहे, सोमवारपर्यंत वेळ घेईल. तोवर बुडाशी, ब्रिजवर, तारा अर्धा सूत उचलून देतो. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला थोडी खरखर राहील. तिथे फार जोर देऊ नका, नाहीतर वरच्या तारेवरून तोच सूर काढा."

बाईंनी वाजवून पाहिलं. खालचे सूर गोल आणि दमदार निघाले, खिडकीची काच हलली. पाचव्या फ्रेटला खरखर झाली, त्यांनी लगेच बोट वरच्या तारेवर नेलं आणि तोच सूर स्वच्छ काढला. तीन-चारदा तसं करून पाहिलं. "निभेल," त्या म्हणाल्या. साडेतीनला पाच मिनिटं असताना त्यांनी गिटार पाठीला लावली. दारातून वळून म्हणाल्या, "ताई, मधे बघू का मी, मान आली का ते?"

"नका बघू," धाकटी म्हणाली.

बाई गेल्या. खाली टायरवाल्याचा हातोडा पुन्हा सुरू झाला. बापलेक आपापल्या बाकांवर बसले.

"किती चुकल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. "आठ महिन्यांत. खरं सांग."

"तारा सहासात वेळा तरी. वेढे एकावर एक चढले होते."

"आणि माना?"

तिला एखादा आकडा सांगावासा वाटला. एकही नाही म्हणावं, म्हणजे बाबांना बरं वाटेल. दहा म्हणावं, म्हणजे आपण केलं ते बरोबर ठरेल. "माहीत नाही," ती म्हणाली. "मी एकही तशीच राहू दिली नाही. सातला बघायचे आणि फिरवायचे."

डॉक्टरांनी बाकावरची ॲलन चावी उचलून जागच्या जागी ठेवली. "म्हणजे गेल्या आठ महिन्यांत मी काय काम केलं, ते मला माहीत नाही. आणि तुलाही नाही."

"मला वाटलं, तुम्ही काम सोडाल."

"सोडलं असतं कदाचित. ते मी ठरवलं असतं." त्यांचा राग उतरला होता, आणि त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं. "लोक म्हणायचे, डॉक्टर, तुमच्या हाताला यश आहे. मी खूश होऊन घरी यायचो. तू समोर बसून जेवायचीस."

धाकटी खाली मान घालून बसली.

डॉक्टरांनी बाकावरची दुसरी गिटार पुढे ओढली. कुणा विद्यार्थ्याची होती. मान सैल होती म्हणून काल ती सुटी केली होती, बुडाशी लाकडाची पातळ कपची घातली होती, आता पुन्हा चार स्क्रूंनी बसवायची होती. "मी बसवतो," ते म्हणाले. "तू तिथे बस. हात लावायचा नाही."

ती बसली. हात मांडीखाली घेऊन बसली, अगदी शाळेतल्यासारखी. पहिला स्क्रू नीट गेला, दुसराही गेला. तिसरा आत गेला, टेकला आणि त्यानंतरही स्क्रूड्रायव्हर फिरत राहिला. आवाज बदलला होता. स्वस्त गिटारीचं मऊ लाकूड, त्यातली पकड सुटली होती आणि स्क्रू भोकात नुसताच गरगरत होता. बाबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांच्या बोटांच्या मते तो अजून आवळला जात होता.

धाकटीचे डोळे आपोआप घड्याळाकडे गेले. उद्या सकाळी सात. आगपेटीच्या दोन काड्या, थोडा गोंद, पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणार होतं?

"बाबा," ती म्हणाली. "तो नुसता फिरतोय."

हात थांबला. "कधीपासून?"

"तीनचार फेरे झाले."

"मग आत्ता सांगतेस?"

 डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली, पुन्हा घासून पाहिली, आणि तिथे काहीच लागत नाही हे बहुधा पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं. मग स्क्रूड्रायव्हर उलटा करून, मूठ तिच्याकडे करून पुढे धरला.

"स्क्रू आजपासून तू," ते म्हणाले. "फेरे मी देईन. आणि चुकलो तर पहिल्याच फेऱ्याला सांगायचं, इथे, माझ्या तोंडावर. मला वाईट वाटेल. वाटू दे."

"हो, बाबा."

तिने तो घेतला. रडू येत होतं आणि स्क्रूची खाच धड दिसत नव्हती, तरी तिने तो सोडवायला घेतला, आणि बाबा शेजारी उभे राहून बघत राहिले.